औष्णिक प्रसरणाचं सिम्युलेशन आणि वहीतली आकडेमोड: प्रकल्प नोंदी

४ ऑगस्ट

काम असं आहे: ६०० × १०० × १० मि.मी.ची ॲल्युमिनियमची पट्टी पोलादी बैठकीवर चार एम१० बोल्टांनी आवळलेली, दोन या टोकाला, दोन त्या टोकाला. पट्टीवर ५०० वॉटचा चपटा हीटर. पट्टी २० वरून ६५ °से. पर्यंत तापते. भोकांत किती मोकळीक ठेवायची आणि पट्टी किती वाकेल, एवढंच सांगायचं आहे.

मॉडेल कॅलक्युलिक्समध्ये (वस्तूचे छोटे तुकडे पाडून गणित करणारं सॉफ्टवेअर) तयार आहे आणि रंगीत चित्रही येतंय. पण ते बरोबर आहे की नाही हे चित्र बघून कळत नाही. म्हणून मोठं मॉडेल बाजूला ठेवून, ज्यांचं उत्तर कागदावर निघतं अशी छोटी मॉडेलं आधी चालवतोय. सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यामुळे खर्च फक्त वेळेचा. तो मात्र भरपूर झाला, कुठे झाला ते पुढे येईल.

सगळीकडे वापरलेले आकडे: पोलादाचा प्रसरणांक दर अंशाला दशलक्षात १२ भाग, यंग मोड्युलस (ताठपणाचा आकडा) २,००,००० मेगापास्कल, पॉयसन रेशो (एका दिशेला दाबल्यावर आडवं किती फुगतं त्याचं प्रमाण) ०.३. ॲल्युमिनियमचे तेच आकडे २३, ७०,००० आणि ०.३३. एककं मि.मी., न्यूटन, टन, सेकंद. म्हणजे स्ट्रेस (दर क्षेत्रफळावरचं बल) आपोआप मेगापास्कलमध्ये येतो.

एक नियम घालून घेतला आहे. उत्तर आधी वहीत लिहायचं, मगच रन करायचा. सिम्युलेशनचा आकडा आधी दिसला की हातची आकडेमोड हळूच त्याच्याकडे झुकते.

५ ऑगस्ट: मोकळा दांडा

१००० मि.मी. लांब, २० × २० चा पोलादी दांडा, २० वरून १०० °से. वहीत: १००० × १२ × ८० भागिले दहा लाख = ०.९६ मि.मी. स्ट्रेस शून्य.

पहिल्या रनमध्ये एक टोक सवयीप्रमाणे पूर्ण जखडलं. टोकाचं सरकणं ०.९६ पेक्षा किंचित जास्त आलं आणि जखडलेल्या तोंडाशी शेकडो मेगापास्कल दिसले. मेश (तुकड्यांची जाळी) बारीक केली तर कडेचा आकडा आणखी वाढला. सॉल्व्हरचं (गणित सोडवणाऱ्या भागाचं) यात काही चुकलेलं नाही. दांड्याला आडवंही फुगायचं असतं, जखडलेलं तोंड त्याला फुगू देत नाही. तिथला दाब पॉयसनमुळे लांबीच्या दिशेला बाहेर पडतो, म्हणून टोक थोडं पुढे गेलं. कडेवरचा वाढत जाणारा आकडा गणितातलाच आहे, मेश कितीही बारीक केली तरी तो थांबणार नाही.

उपाय ३-२-१ आधार. एक कोपरा तिन्ही दिशांना धरायचा. त्याच कडेवर लांबीच्या दिशेतला दुसरा नोड (जाळीतला बिंदू) उरलेल्या दोन दिशांना, आणि तिसरा नोड फक्त एका दिशेला. एवढ्यात दांडा हवेत तरंगायचा थांबतो आणि फुगायलाही मोकळा राहतो. दुसरा नोड नेमका त्याच कडेवर हवा. तिरपा निवडला तर स्ट्रेस येत नाही, पण अख्खा दांडा किंचित फिरतो आणि टोकाचा आकडा वाचताना फसगत होते.

नव्या रनमध्ये ०.९६००, स्ट्रेस दशांश चिन्हानंतर बऱ्याच शून्यांनी. प्रतिक्रिया बलंही शून्य. ती बघायची सवय लावून घ्या. मोकळ्या वस्तूच्या आधारावर बल दिसलं तर कुठेतरी जास्तीचं धरलं गेलंय.

६ ऑगस्ट: अडवलेला दांडा

तोच दांडा, दोन्ही टोकं फक्त लांबीच्या दिशेला अडवली, आडवा मोकळा. वहीत: २,००,००० × १२ × ८० भागिले दहा लाख = १९२ मेगापास्कल दाब. गुणिले ४०० चौ.मि.मी. = ७६.८ किलोन्यूटन. सिम्युलेशनमध्ये दोन्ही बरोबर. बल मी प्रतिक्रियांची बेरीज करून तपासलं, रंगीत चित्रावरून नाही. चित्रातला नोडवरचा स्ट्रेस आतून बाहेर ओढून सरासरी काढलेला असतो, बेरीज सरळ असते.

रुंदी मात्र वहीत आणि पडद्यावर वेगळी. वहीत २० मि.मी.ची वाढ ०.०१९२ लिहिली होती, पडद्यावर ०.०२५०. इथे पडदा बरोबर. लांबीत दाबलेला दांडा रुंदीत आणखी फुगतो, म्हणून (१ + पॉयसन) ने गुणायला हवं: ०.०१९२ × १.३ = ०.०२४९६.

मग एकाच एलिमेंटचा (मेशच्या एका तुकड्याचा) ठोकळा घेऊन दिशा एकेक करत अडवल्या. एक अडवली: १९२. दोन अडवल्या: १९२ भागिले (१ − ०.३) = २७४. तिन्ही अडवल्या: १९२ भागिले (१ − ०.६) = ४८०. तिन्ही आकडे जुळले. एकाच तापमानवाढीला अडीचपट फरक पडतो आणि तो फक्त आधार कसे दिले त्यावर. सरावाने 'सगळं फिक्स' करणाऱ्यांनी हे तीन आकडे भिंतीवर लावावेत.

तिसऱ्या ठोकळ्यात एक गंमत आहे. फॉन मिझेस स्ट्रेस (धातू कायमचा वाकेल का ते बघायचा एकत्रित आकडा) शून्य येतो. चित्र निळंशार, आणि आत तिन्ही बाजूंनी ४८० मेगापास्कलचा दाब. फॉन मिझेसला फक्त दिशांमधला फरक कळतो, सगळीकडून सारखा दाब त्याला दिसत नाही. पूर्ण कोंडलेल्या वस्तूसाठी मुख्य स्ट्रेस वेगळे काढून बघायचे.

७ ऑगस्ट

कालचा दांडा १९२ मेगापास्कलला सुखरूप दिसतो. पण १ मीटर लांब आणि २० मि.मी. जाड दांडा ७६.८ किलोन्यूटन दाबाखाली सरळ राहील का? ऑयलरचं सूत्र: टोकं बिजागरीची असतील तर २६.३ किलोन्यूटनला वाकतो, पूर्ण जखडलेली असतील तर १०५.३ ला. तापमानवाढीत सांगायचं तर बिजागरीचा दांडा २७ अंशांनीच बाजूला झुकेल, जखडलेला ११० अंशांपर्यंत तग धरेल.

रेषीय स्थिर विश्लेषण यातलं काहीही सांगत नाही. बिजागरीच्या दांड्यालाही ते ८० अंशांवर निमूटपणे १९२ दाखवतं. बकलिंगची (दाबाखाली बाजूला झुकण्याची) स्टेप वेगळी लावल्यावर दोन्ही आकडे एका टक्क्याच्या आत जुळले. आपल्या पट्टीला हे लागू आहे का ते नंतर बघतो, १० मि.मी. जाडी आणि ६०० लांबी बघता लागू असायला हरकत नाही.

९ ऑगस्ट: दोन धातूंची पट्टी

ही सगळ्यात उपयोगी चाचणी, कारण वाकणं आलं की एलिमेंटचा खरा स्वभाव दिसतो. १०० मि.मी. लांब, १० रुंद. खाली १ मि.मी. पोलाद, वर १ मि.मी. ॲल्युमिनियम, एकमेकांना चिकटलेले. ८० अंश वाढ. टिमोशेन्को यांच्या १९२५ च्या सूत्रात दोन्ही थर सारख्या जाडीचे असले की वक्रता अशी निघते: २४ × प्रसरणांकांतला फरक × तापमानवाढ, भागिले एकूण जाडी × (१४ + न + १/न). इथे न म्हणजे दोन्ही यंग मोड्युलसचं गुणोत्तर, २.८५७. त्यावरून वक्रतेची त्रिज्या सुमारे १६२९ मि.मी. आणि टोक ३.०७ मि.मी. खाली.

आठ नोडांचे साधे एलिमेंट, सी३डी८, घेतले. लांबीत ५ मि.मी., रुंदीत १, प्रत्येक थरात एक. टोक जेमतेम १ मि.मी. हललं. म्हणजे उत्तर एक तृतीयांश!

पहिली शंका जाडीची, म्हणून प्रत्येक थरात एकाऐवजी चार एलिमेंट केले. फारसा फरक नाही. मॉडेल चौपट मोठं झालं आणि उत्तर जागचं हललं नाही, तेव्हा जाडीचा नाद सोडून लांबीकडे वळलो. लांबीत २.५ मि.मी. केल्यावर १.९ च्या आसपास, १.२५ केल्यावर २.७ च्या अलीकडे. कारण असं: साध्या एलिमेंटच्या कडा सरळच राहतात, त्यामुळे वाकताना त्यात खोटा शिअर (थर एकमेकांवर सरकवणारा ताण) शिरतो. तो एलिमेंटच्या लांबीबरोबर वाढतो, जाडीत किती तुकडे केले याच्याशी त्याला देणंघेणं नाही. पट्टी वाकते तेव्हा 'जाडीत निदान चार एलिमेंट' हा सल्ला सगळे देतात. या एलिमेंटला तो इथे निरुपयोगी आहे.

सी३डी८आय (वाकणं नीट पकडणारा आठ नोडांचाच प्रकार) किंवा वीस नोडांचे सी३डी२०आर लावले की ५ मि.मी.च्या मेशवरही उत्तर ३.०८. पुढे सगळीकडे सी३डी२०आर.

३.०७ आणि ३.०८ मधला फरकही सोडला नाही. टिमोशेन्कोंचं सूत्र अरुंद पट्टीचं आहे. रुंदीतही वक्रता येते हे धरून प्रत्येक यंग मोड्युलसला (१ − पॉयसन) ने भागलं तर वहीतलं उत्तर ३.०९ होतं. आपली पट्टी दोन्हींच्या मध्ये बसते. एक टोक पूर्ण जखडून बघितलं तर तिथली रुंदीतली वक्रता अडते आणि टोक आणखी एखाद-दोन टक्के खाली जातं, म्हणून इथेही ३-२-१.

१० ऑगस्ट

छोटी नोंद. ३०० मि.मी. पोलाद आणि २०० मि.मी. ॲल्युमिनियम एकापुढे एक, सारखा छेद, दोन भिंतींमध्ये, ६० अंश. मोकळी वाढ ०.२१६ + ०.२७६ = ०.४९२. त्यावरून स्ट्रेस ११२.९ मेगापास्कल, आणि सांधा ०.०४७ मि.मी. ॲल्युमिनियमच्या बाजूला सरकतो. ॲल्युमिनियमला जास्त प्रसरण पावायचं असूनही तेच मागे रेटलं जातं, कारण ते मऊ आहे. सांध्यापासून दूर दोन्ही आकडे जुळले. सांध्याच्या कडेवरचा टोकाचा स्ट्रेस मोजू नका, तो मेशबरोबर वाढतच जातो.

१२ ऑगस्ट: तापमानाबरोबर बदलणारा प्रसरणांक

सर्वात जास्त वेळ इथे गेला.

आतापर्यंत प्रसरणांक स्थिर होता. आता युरोकोड ३ (पोलादी बांधकामाचं युरोपीय मानक) च्या आगीच्या भागातलं पोलादाचं सूत्र घेतलं. ७५० °से. च्या खाली ते सरासरी प्रसरणांकाच्या रूपात फार सोपं होतं: २० अंशांपासून मोजलेली सरासरी = १२ + ०.००४ × (तापमान + २०). म्हणजे २० ला १२.१६, १०० ला १२.४८, ३०० ला १३.२८. नात्यात सरळ रेषा असल्यामुळे तक्त्यातल्या दोन नोंदींमधलं अंतरही अचूक भरतं. चाचणीसाठी याहून चांगला तक्ता शोधून सापडणार नाही.

तोच १ मीटरचा मोकळा दांडा, २० ते ३०० °से. वहीत: १३.२८ × २८० = ३७१८, म्हणजे ३.७१८ मि.मी. पडद्यावर ४.०४७.

जवळजवळ ९ टक्के जास्त. लगेच आठवलं की प्रसरणांक दोन प्रकारे छापतात. एक सरासरी, म्हणजे ठरावीक तापमानापासून इथपर्यंतचा. दुसरा त्या क्षणाचा, म्हणजे नेमक्या त्या तापमानाला लांबी ज्या वेगाने वाढते तो. याच सूत्रात ३०० अंशांना क्षणिक आकडा १४.४ येतो. तो सरासरीच्या जागी टाकला तर १४.४ × २८० = ४.०३२ मि.मी. पडद्यावरच्या ४.०४७ ला इतकं जवळ की दोष सापडलाच असं वाटलं. उरलेला अर्ध्या टक्क्याहूनही कमी फरक मेशच्या नावावर टाकून तक्ता परत परत तपासत बसलो. तक्त्यात सगळं बरोबर होतं.

१३ ऑगस्ट

सकाळी प्रश्न उलटा धरला: त्या अर्ध्या टक्क्याला मेश जबाबदार असू शकते का? मुळीच नाही. एकसारखं तापलेलं, मोकळं शरीर एकाच एलिमेंटमध्येही अचूक वाढतं. तिथे मेशची चूक शून्य असते. म्हणजे ४.०३२ आणि ४.०४७ मधला ०.०१५ चा फरक खरा होता, आणि क्षणिक आकड्याची शंका त्याच क्षणी बाद व्हायला हवी होती.

खरं कारण संदर्भ तापमान. कॅलक्युलिक्समध्ये प्रसरणाच्या कार्डावर (इनपुट फाइलमधल्या आज्ञेवर) 'झीरो' हा पर्याय असतो: तक्ता कोणत्या तापमानापासून मोजलाय ते तिथे सांगायचं. काहीच लिहिलं नाही तर शून्य धरलं जातं. सॉल्व्हर आताच्या तापमानाचा प्रसरणांक × (आताचं − संदर्भ) काढतो आणि त्यातून सुरुवातीच्या तापमानाचा प्रसरणांक × (सुरुवातीचं − संदर्भ) वजा करतो. हीटरच्या मॉडेलमध्ये विकिरण होतं म्हणून मी सगळी तापमानं केल्व्हिनमध्ये आणली होती, आणि झीरो रिकामा होता. वहीत तसंच करून बघितलं: १३.२८ × ५७३.१५ = ७६११, वजा १२.१६ × २९३.१५ = ३५६५. उरतात ४०४७. शेवटच्या आकड्यापर्यंत तेच.

झीरो = २९३.१५ लिहिलं, ३.७१८ आलं.

वाईट भाग वेगळाच आहे. प्रसरणांक स्थिर असताना संदर्भ तापमान वजाबाकीत उडून जातं. त्यामुळे ५ तारखेपासूनच्या सगळ्या चाचण्या रिकाम्या झीरोवरही अचूक जुळत होत्या. दोष फाइलमध्ये पहिल्यापासून बसला होता आणि तक्ता आल्यावरच बाहेर पडला. सेल्सिअसमध्ये काम केलं असतं तर परिस्थिती आणखी बिकट झाली असती: तेव्हा उत्तर ३.७४१ येतं, फरक फक्त ०.६ टक्के, आणि एवढ्या फरकाकडे कोण बघतं? विकिरणासाठी केल्व्हिनची सक्ती नव्हती हेही नंतर वाचलं. निरपेक्ष शून्याची किंमत वेगळी देता येते आणि बाकी सगळं सेल्सिअसमध्ये ठेवता येतं. मी आता तसंच केलंय.

आजपासून प्रत्येक नव्या मटेरियल कार्डासाठी एका एलिमेंटचा ठोकळा, एक मोकळा रन, आणि तक्त्यातल्या सर्वांत वरच्या तापमानाला एक आकडा. दोन मिनिटांचं काम.

१६ ऑगस्ट: खरी पट्टी

बैठक आणि पट्टी दोन्ही ६५ अंशांना: ॲल्युमिनियम ६०० मि.मी.मध्ये ०.६२१ वाढतं, पोलाद ०.३२४. फरक ०.२९७. मूळ मॉडेलमध्ये बोल्टांच्या जागी पट्टी बैठकीला चिकटवली होती, म्हणून पट्टीत ३५ मेगापास्कल आणि तेवढंच वाकडं चित्र दिसत होतं. ३५ मेगापास्कल × १००० चौ.मि.मी. म्हणजे जवळपास ३५ किलोन्यूटन. एका टोकाचे दोन बोल्ट ते धरतील का? प्रत्येकी २५ किलोन्यूटनचा आवळ आणि ०.१५ घर्षण धरलं तर दोघांचे मिळून ७.५. म्हणजे बैठक पूर्ण ताठ मानली तर पट्टी पहिल्या दहा अंशांतच घसरते. पुढचा सगळा स्ट्रेस फक्त मॉडेलमध्ये आहे, पट्टीत नाही. ७ तारखेच्या बकलिंगचा प्रश्नही यातच निकालात निघाला: घसरणारी पट्टी तेवढा दाब साठवतच नाही.

घर्षणासकट कॉन्टॅक्ट (पृष्ठभाग एकमेकांना टेकून घसरण्याचं गणित) लावून बघितला. सॉल्व्हर अडखळत राहिला, स्टेप लहान लहान होत गेली. शेवटी तो नाद सोडला. एक टोक धरलेलं आणि दुसरं पूर्ण घसरतं असं मॉडेल केलं, ते ०.२९७ ला जुळलं आणि मिनिटभरात संपलं.

पण ०.२९७ हा वाईटातला वाईट आकडा नाही. हीटर पट्टीवर आहे, बैठक मागाहून तापते. पट्टी ६५ ला आणि बैठक अजून २० लाच, असा क्षण धरला तर फरक पूर्ण ०.६२१. एम१० साठी ११ मि.मी.च्या भोकात बोल्टाला एका बाजूला ०.५ मि.मी. मिळतं. स्थिर अवस्थेचं सिम्युलेशन 'पुरेसं आहे' म्हणत होतं, पण तापताना बोल्ट भोकाच्या काठाला टेकला असता. आता एका टोकाला डॉवेल (जागा पक्की करणारी पिन), दुसऱ्या टोकाला ११ × १४ चा लांबट गाळा. दोन्ही बाजूंना २ मि.मी. मोकळे.

१८ ऑगस्ट: वाकणं

वरचा संवेदक ६५ आणि खालचा ६१ दाखवत होता, म्हणून मॉडेलमध्ये तीच दोन तापमानं पृष्ठभागांवर दिली होती. जाडीत ४ अंशांचा फरक: वक्रता २३ × ४ भागिले १०, आणि मध्यावर उंचवटा ०.४१ मि.मी. सिम्युलेशनही ०.४१. सुंदर जुळलं.

मग उष्णतेचा हिशोब केला. १० मि.मी. जाड, ६०६१ जातीच्या ॲल्युमिनियममधून, उष्णतावाहकता मीटरला दर अंशी १६७ वॉट धरून, ४ अंशांचा फरक टिकवायला चौरस मीटरला ६६,८०० वॉट लागतात. पट्टीच्या ०.०६ चौ.मी.साठी ४ किलोवॉट. हीटर ५०० वॉटचा आहे. वही आणि सिम्युलेशन एकमेकांशी जुळत होते कारण दोघांना एकच चुकीचा आकडा खायला दिला होता.

५०० वॉट सगळेच्या सगळे पट्टीतून खाली गेले तरी जाडीत फरक अर्धा अंशच पडतो. उंचवटा ०.०५ मि.मी. वरचा संवेदक हीटरच्या कडेला टेकलेला निघाला, तो बाजूला घेऊन धातूवर चिकटवला आहे. मॉडेलमध्ये पृष्ठभागांची तापमानं काढून हीटरखाली उष्णतेचा प्रवाह दिला आणि खाली बैठकीकडे जाणारी वाट. नवा रन: ०.०५ च्या किंचित खाली, कारण थोडी उष्णता हवेत जाते.

नकाशावर गाळा ११ × १४, उंचवट्यासाठी ०.१ मि.मी.ची सूट. सगळे छोटे ठोकळे आणि दांडे मॉडेलच्याच फोल्डरमध्ये ठेवले आहेत, शेजारी प्रत्येकाचं वहीतलं उत्तर. मटेरियल कार्ड बदललं की आधी ते चालवायचे.